एआय लावायचंय, पण नक्की कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांत बरीचशी एकाच गोष्टीबद्दल होती, की सगळे एआय एआय करतायत, ऑटोमेशन करा म्हणतायत, पण आमच्या एवढ्याशा धंद्यात त्याचं करायचं काय. त्यातली काही निवडून घेतलीत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून कोणाचंच छापलं नाही, गाव आणि धंदा तेवढा दिलाय.

प्रश्न: दादा, मी घरून फराळ करून देते. गणपती झाले की विचारणा सुरू होते आणि दिवाळीच्या आधी तर व्हॉट्सॲप नुसतं वाजत असतं. रात्री लाडू वळून झाले की मी वही घेऊन बसते आणि मेसेज बघून बघून ऑर्डरी उतरवते. मागच्या दिवाळीत दोघींच्या ऑर्डरी राहूनच गेल्या, त्या अजून बोलत नाहीत माझ्याशी. भाचा म्हणतो मावशी चॅटबॉट लाव. लावू का? — फराळवाल्या काकू, डोंबिवली

काकू, बॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, आत्ता नको. उत्तर द्यायला माणूस नाही ही तुमची अडचणच नाहीये, ऑर्डर मेसेजमधून वहीत येताना मध्येच गळते ही आहे, मग तेवढंच बुजवायचं.

आधी फुकटातलं उरकून घ्या. साधं व्हॉट्सॲप वापरत असाल तर बॅकअप घेऊन त्याच नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. कॅटलॉगमध्ये एकेक पदार्थ, फोटो, भाव, आणि मुख्य म्हणजे माप टाका, किलोवर का नगावर ते. क्विक रिप्लाय म्हणून सोय आहे त्यात, दरपत्रक एकदा लिहून ठेवलं की दोन अक्षरं टाइप केली की अख्खं जातं. आणि लेबलं लावा, ऑर्डर पक्की, पैसे बाकी, पोचलं. यात एआय काडीचंही नाही, पण निम्मी कटकट इथेच संपते, भाच्याला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडेल, पडू दे.

आता एआय कुठे लागतं बघा. दिवसभरात आलेले ऑर्डरचे मेसेज कॉपी करा, फोन नंबर आणि घरचे पत्ते काढून टाका, आणि चॅटजीपीटी किंवा जेमिनी जे असेल त्यात टाकून वर असं लिहा: "हे फराळाच्या ऑर्डरचे मेसेज आहेत. यातून नाव, पदार्थ, किती, किलो का नग, कधी हवंय, असा तक्ता कर. मेसेजमध्ये जे नाही ते मनाने भरू नको, तिथे 'विचारा' असं लिही. शेवटच्या रकान्यात मूळ मेसेज जसाच्या तसा ठेव." मराठीतच लिहा, समजतं त्याला. फक्त ती शेवटची दोन वाक्यं गाळू नका, सगळी मदार त्यांच्यावर आहे.

कारण आपली माणसं मेसेज कसे पाठवतात ते तुम्हाला माहितीच आहे. "ताई नेहमीचंच द्या, फक्त चकली यावेळी दीड, करंज्या २५ आणि अनारसे जमले तर अर्धा." तुम्हाला वाचताक्षणी कळतं की चकली दीड किलो, करंज्या २५ नग, अनारसे अर्धा किलो आणि नेहमीचं म्हणजे काय ते तर पाठच आहे. त्या बिचाऱ्याला नेहमीचं म्हणजे काय हे कुठून कळणार? त्याला सांगून ठेवलं नसेल तर तो काहीतरी ठोकून देतो, आणि ते इतकं व्यवस्थित तक्त्यात बसवून देतो की आपल्याला शंकाही येत नाही. आणि आपली ती मापं, सव्वा, पाऊण, पावणेदोन, अडीच, यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा, पावणेदोनचं पावणेतीन व्हायला वेळ लागत नाही. मूळ मेसेज शेजारीच असला की नजर टाकून खात्री करता येते, वहीसारखं परत चॅट शोधत बसायला नको.

तो तक्ता गूगल शीटमध्ये चिकटवा आणि एकूण चकली किती किलो, भाजणी किती दळायची, ही बेरीज शीटकडून करून घ्या, एआयकडून नाही. बेरजेला शीट कधी चुकत नाही, हा मात्र लांबलचक यादीत मधलीच एखादी ओळ खाऊ शकतो. "विचारा" लिहिलेल्या जेवढ्या ओळी निघतील तेवढ्यांनाच रात्री मेसेज टाकायचा, त्या दोघी यातच सापडल्या असत्या.

बॉटचं म्हणाल तर त्यासाठी नंबर व्हॉट्सॲपच्या एपीआयशी, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर जोडायच्या सोयीशी, जोडावा लागतो. गिऱ्हाइकाने आधी मेसेज केला तर पुढचे २४ तास आपण दिलेल्या उत्तराला व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा पैसे घेत नाही, पण आपण होऊन पाठवलेल्या जाहिरातीच्या मेसेजला १ जुलै २०२५ पासून दर मेसेजमागे पैसे पडतात, वर मधल्या कंपनीचं महिन्याचं भाडं वेगळं. दिवाळीच्या एका महिन्याच्या धंद्याला हे परवडणार नाही. हां, आणि विषय निघालाच आहे तर, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणून ऑर्डर पक्की करू नका, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप एआयच्या आधीपासून आहेत.

प्रश्न: साहेब, आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुना लेथ. पार्टी ड्रॉइंग पाठवते, लगेच कोटेशन मागते, मला मशीनवरून उठून बसायला संध्याकाळ होते, तोवर दुसरा कोणी रेट देऊन मोकळा. ड्रॉइंग एआयला दिलं की तो कोटेशन काढून देईल का? आणि दुसरं, पैसे वेळेवर येत नाहीत, त्यावर काही आहे का त्याच्याकडे? — वर्कशॉपवाले, भोसरी

पहिल्या प्रश्नाला आधी एक अडथळा आहे तो बघा. ड्रॉइंग तुमचं नाही, पार्टीचं आहे. मोठ्या कंपनीचं काम असेल तर गुप्ततेच्या कागदावर सही केलेली असते, बहुतेकांनी ती न वाचताच केलेली असते, आणि फुकटच्या एआय खात्यात टाकलेला मजकूर पुढे मॉडेल शिकवायला वापरला जाऊ शकतो, सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं नाही तर. तेव्हा ड्रॉइंग उचलून टाकायचं नाही. पार्टीला विचारा, लेखी हो आलं तर बघू.

दुसरं असं की, ड्रॉइंग वाचण्यात तो अजून कच्चा आहे. ठळक मापं वाचतो, पण टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचा, बारीक आकडा, कोपऱ्यातली नोट, सरफेस फिनिशची खूण, इथे घसरतो. आणि तुमच्या धंद्यात कोटेशन त्या बारीक आकड्यावरच ठरतं, प्लस मायनस शंभर मायक्रॉन आणि प्लस मायनस दहा मायक्रॉन यात रेट कुठल्या कुठे जातो हे मी तुम्हाला काय सांगू.

मग काय करायचं, तर कोटेशनचे दोन तुकडे करा. हिशोबाचा तुकडा एक्सेलमध्ये. राउंड बारचं वजन काढायला डायाचा वर्ग भागिले १६२ हे तुम्ही रोज तोंडी करता, तेच एका रकान्यात बसवा. समजा ईएन-८ स्टीलचा ५० एमएमचा बार आहे आणि जॉब १०० एमएमचा, तर २५०० भागिले १६२ म्हणजे मीटरला १५.४३ किलो, जॉबला १.५४ किलो, त्यात पार्टिंग आणि फेसिंगचे एमएम मिळवा, पुढे मटेरियलचा भाव, सेटिंगचा वेळ, सायकल टाइम, मशीनचा तासाचा रेट, स्क्रॅप, प्लेटिंग बाहेरून असेल तर ते. ही शीट बनवायला मात्र एआय उत्तम. त्याला मराठीत सांगा की मला असे असे रकाने हवेत, फॉर्म्युले लिहून दे, आणि तो देतो. मग दहा जुने जॉब त्यात घालून बघा, तुम्ही तेव्हा दिलेल्या रेटच्या आसपास आले की शीट बरोबर. एकदा बसली की नवीन जॉबला चार-पाच आकडे भरायचे, तेही मोबाइलवर, मशीनशेजारी उभं राहून.

भाषेचा तुकडा एआयला. पार्टीचं ईमेल इंग्रजीत, तुमचं उत्तर मराठीत बोलून टाइप करा, जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठी बोललेलं समजतं, आणि म्हणा याचं व्यवस्थित इंग्रजी कोटेशन पत्र कर, डिलिव्हरी, पेमेंटच्या अटी, व्हॅलिडिटी सगळं घालून. आकडे मात्र शीटमधून तुम्ही टाकायचे. पाठवायचं बटण पण तुम्हीच दाबायचं.

आता पैशाचं. इथे एआयपेक्षा कायदा जास्त कामाचा आहे, दोघांची जोडी लावा. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल, तर छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. हे कागदावर कित्येक वर्षं होतं, कोणी विचारत नव्हतं. खरा फरक पडला तो १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाने, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च पार्टीला त्या वर्षी टॅक्समधून वजा धरता येत नाही, ज्या वर्षी देईल तेव्हाच. म्हणून आता मार्चमध्ये पार्टीचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो.

तर एक शीट करा, बिल नंबर, बिलाची तारीख, माल स्वीकारल्याची तारीख, मुदत, रक्कम, आली का. मग एआयला सांगा की गूगल शीटसाठी छोटी स्क्रिप्ट लिहून दे, रोज सकाळी नऊला मुदतीच्या सात दिवस आधीची आणि मुदत उलटलेली बिलं मला ईमेलवर यावीत. तो ॲप्स स्क्रिप्टचा कोड देतो, कुठे चिकटवायचा तेही सांगतो, पोरगा कॉलेजात असेल तर संध्याकाळभरात करेल. ईमेल तुम्हालाच यावं, पार्टीला आपोआप जाऊ देऊ नका, कारण काल संध्याकाळी चेक दिलेल्या पार्टीला आज सकाळी तगाद्याचं पत्र गेलं तर नातं बिघडतं. तीन प्रकारची पत्रं मात्र तयार ठेवा, गोड, साधं आणि कडक. कडक पत्रात कायद्याचा उल्लेख आणि उद्यम नंबर. बिलावरही उद्यम नंबर छापाच.

प्रश्न: मी सांगलीत टॅक्सची कामं करतो. गिऱ्हाइकं खरेदीची बिलं पिशवीत भरून आणतात, तीही महिनाअखेर उलटून गेल्यावर. बिलाचा फोटो काढला की एआय टॅलीत एंट्री करतं असं ऐकलंय. विश्वास ठेवावा का? — टॅक्स कन्सल्टंट, सांगली

ठेवा, पण तपासणीसकट. छापील बिल असेल तर फोटोवरून एआय आता खूपच चांगलं वाचतं, हाताने लिहिलेलं कार्बनखालचं निळं बिल असेल तर राम भरोसे. एक्सेलमध्ये रकाने काढून घ्यायचे आणि तिथून टॅलीत इंपोर्ट करायचं, सरळ टॅलीत जाऊ द्यायचं नाही.

मधल्या एक्सेलमध्ये तीन चाळण्या लावा, तिन्ही साध्या फॉर्म्युल्याच्या. एक, करपात्र रक्कम अधिक सीजीएसटी अधिक एसजीएसटी बरोबर एकूण येते का, राउंड ऑफचा रुपया सोडून. एक आकडा चुकून वाचला गेला असेल तर ही बेरीज तुटतेच. दोन, जीएसटी नंबर १५ अक्षरी आहे का, महाराष्ट्रातल्या पार्टीचा असेल तर २७ ने सुरू होतो का, पुढची दहा अक्षरं पॅनच्या साच्यात बसतात का. त्याचं पंधरावं अक्षर हे आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं असतं, म्हणजे फोटोत शून्याचा इंग्रजी ओ झाला किंवा आठाचा बी झाला तर ते गणित जुळत नाही आणि तुम्हाला लगेच कळतं. हा फॉर्म्युला एआयकडूनच लिहून घ्या आणि तुमच्या ओळखीच्या पाच-सहा खऱ्या नंबरांवर चालवून बघा. तीन, बिलाची तारीख आणि बिल नंबर दोनदा आलाय का, कारण पिशवीत एकच बिल दोन प्रतींत असतंच असतं.

१४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आली की तिच्याशी जुळवणी. याला एआय लागत नाही, एक्सेलचा व्हीलुकअप फॉर्म्युला पुरतो, फक्त बिल नंबर लिहिण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात, कोणी ००४५ लिहितं, कोणी नुसतं ४५, कोणी मागे वर्ष लावतं, तिथे न जुळलेल्या उरलेल्या बिलांसाठी एआयला विचारायचं की यातली कुठली जोडी एकच असावी, आणि शेवटी हो तुम्ही म्हणायचं.

एक सांगून ठेवतो. दर कधीही एआयला विचारू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक मालासाठी गेले, पाकीटबंद फरसाण-चिवडा १२ वरून ५ वर आला, आणि ज्या मॉडेलचं शिक्षण त्याच्या आधी संपलंय ते छातीठोकपणे १२ सांगतं. तुमच्यासारख्याला ते खटकेल, पण तुमच्या गिऱ्हाइकाला खटकणार नाही, आणि तो आता तुम्हाला विचारायच्या आधी फोनला विचारतो.

प्रश्न: नमस्कार, आमचं मालवणजवळ चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुणे रात्री-अपरात्री विचारतात, खोली आहे का, मासे मिळतील का, स्कुबा कधी. एका एजन्सीने वेबसाइटवर एआय बॉट बसवून दिला. तो इतकं गोड बोलतो की आम्हालाच भीती वाटते. ठेवावा की काढावा? — होमस्टेवाली ताई, मालवण

ताई, भीती योग्य जागी वाटली तुम्हाला. कॅनडातली एक केस सांगतो, फेब्रुवारी २०२४ चा निकाल आहे. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरातल्या मृत्यूमुळे प्रवास करताय तर सवलतीचे पैसे नंतर अर्ज करून परत मिळतील. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रवाशाने पैसे मागितले, कंपनी म्हणाली बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, आणि तिथल्या न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं, वेबसाइट तुमची आहे तर तिच्यावर बोललेलंही तुमचंच, आणि सुमारे ८०० कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. आपल्याकडे अशी केस झाली तर ग्राहक आयोग काय म्हणेल ते मी सांगत नाही, पण पाहुणा तर एकच म्हणणार, तुम्ही सांगितलं होतंत.

तुमच्याकडे तर हंगामाचा मामला आहे. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. जुलैत कोणी विचारलं की स्कुबा होईल का, आणि बॉटने "हो नक्कीच, आमच्या इथून जवळच सोय आहे" असं सांगितलं, तर पुण्याहून सहा माणसं घेऊन आलेला माणूस तुमच्या अंगणात उभा राहून काय बोलेल? आणि मासे तर त्या दिवशी मार्केटात काय आलंय त्यावर, सुरमई मिळेलच असं तुम्ही स्वतः तरी कधी लेखी देता का.

काढून टाकायची गरज नाही, तोंड बांधा. एजन्सीला सांगा की बॉटने फक्त तुम्ही लिहून दिलेल्या माहितीतूनच उत्तर द्यायचं, तिथे नसेल तर "ताईंना विचारून सकाळी कळवतो" म्हणायचं आणि नंबर घ्यायचा. खोली आहे का नाही, भाव, सूट, पैसे परत, जेवणात काय, या पाच गोष्टींवर त्याने हो-नाही म्हणायचंच नाही. माहितीचं ते पान दोन करा, एक ऑक्टोबर ते मे, एक पावसाळ्याचं, आणि तारीख आली की बदला. मग रस्ता कसा, पार्किंग आहे का, कुडाळ स्टेशनवरून किती वेळ, चेक इन कधी, गरम पाणी, वायफाय, एवढं तो सुखाने सांगेल, आणि रात्रीचे प्रश्न बहुतेक एवढेच असतात. त्याची संभाषणं आठवड्यातून एकदा चहा पिताना वाचून काढा. पाहुणे काय विचारतात ते त्यातून कळतं, हा फायदा बॉटपेक्षाही मोठा आहे असं माझं मत.

गूगलवरच्या रिव्ह्यूंना उत्तरं लिहायला मात्र एआय झकास, विशेषतः वाईट रिव्ह्यूला, कारण तेव्हा आपलं डोकं तापलेलं असतं आणि त्याचं नसतं. फक्त आभाराची सगळी उत्तरं एकसारखी गुळगुळीत दिसायला लागली की लोकांना वास येतो. चार शब्द तुमचे मालवणी घाला.

प्रश्न: कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, आता ऑनलाइन पण विकतो. एआयने फोटो केले तर स्टुडिओचा खर्च वाचेल ना? — चप्पल विक्रेते, कोल्हापूर

मागची भिंत बदला, उजेड सुधारा, सावली द्या, खुशाल. चपलेला हात लावू देऊ नका. एआय वेणी जास्त रेखीव करतं, शिवण सरळ करतं, कातड्याचा रंग एकसारखा करतं, आणि हाताने केलेल्या मालात या गोष्टी तशा नसतातच. गिऱ्हाइकाच्या हातात पडेल ती वेगळी दिसली की माल परत, येण्या-जाण्याचं भाडं तुमच्या माथी. कोल्हापुरीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, जगभर तिच्यावर नजर आहे, अशा वेळी खऱ्या कातड्याचा खरा फोटो हीच जाहिरात. पायात घातलेला एक आणि तळव्याचा एक फोटो खिडकीपाशी दिवसा काढा, मोबाइल पुरतो. वर्णन मराठीत तुम्ही बोला, हिंदी-इंग्रजी एआय करेल, पण "सॉफ्ट कुशन सोल" वगैरे मनाचं घातलंय का ते वाचून घ्या, घालतो तो.

प्रश्न: माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक मुलगी बिलं आणि स्टॉक बघते. मुलगा म्हणतो हे सगळं एआयने होतं, पगार वाचेल. खरं आहे का? — दुकानदार, नाशिक

नाही हो. बिलिंग सॉफ्टवेअर तर तुमच्याकडे आधीच असणार, ते चालवते कोण? साडेतीन इंची खिळे संपत आलेत, अमुक प्लंबर उधारी ठेवतो, तमुक कंपनीचा पाइप परत येतो, हे तिला माहितीय आणि कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नाही. मुलाला म्हणावं आधी महिनाभर तिच्या शेजारी बसून ती काय काय करते ते लिही. त्या यादीतली कंटाळवाणी कामं, पुरवठादाराच्या पीडीएफ दरपत्रकातून नवे भाव उतरवणं, ऑर्डरचं पत्र टाइप करणं, ही एआयवर टाका आणि तो वेळ तिला उधारी वसुलीच्या फोनला द्या. पगार तिथूनच निघेल, वर थोडा वाढवावाही लागेल.

प्रश्न: संगमनेरला कापड दुकान आहे. एक जण आला, म्हणाला एआय एजंट बसवून देतो, सगळं आपोआप, एकरकमी पैसे आणि वर महिन्याचे. लॅपटॉपवर दाखवलं तेव्हा भारी वाटलं. त्याला काय विचारू? — कापड दुकानदार, संगमनेर

लॅपटॉपवर सगळंच भारी वाटतं. त्याने आणलेल्या नमुन्यावर नको, तुमच्या दुकानातल्या कालच्या वीस खऱ्या मेसेजवर चालवून दाखव म्हणा, शुद्धलेखन नसलेले, अर्धे मराठी अर्धे हिंदी, "भाऊ ती मागची साडी हाय का" अशा छापाचे, नंबर झाकून. तिथेच अर्धं उत्तर मिळेल.

मग विचारा की नेमकं कुठलं काम आपोआप होणार, आणि आज त्या कामाला आठवड्याला किती तास जातात. तास त्याने नाही, तुम्ही सांगायचे, आठवडाभर कागदावर मांडून. दोन तास जात असतील तर एवढे पैसे कशाला? बऱ्याचदा हे लोक एनएटएन, मेक किंवा झॅपियरसारखं तयार साधन वापरून दोन-तीन गोष्टी एकमेकांना जोडतात, फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ, ओळ आली की मेसेज. त्यात वाईट काही नाही, कसब लागतंच, पण जोडणीचे पैसे द्या, जादूचे नको. आणि बंद पडलं तर? व्हॉट्सॲपने किंवा गूगलने काही बदललं की या जोडण्या तुटतात, तेव्हा कोण येणार, किती तासांत, त्याचे पैसे वेगळे का, हे लिहून घ्या.

गिऱ्हाइकांचे नंबर कुठे साठवणार तेही विचारा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि त्यातून दुकानदार सुटत नाही. लग्नाच्या बस्त्याला आलेल्या माणसाने बिलासाठी दिलेला नंबर त्याला न विचारता जाहिरातीच्या यादीत ढकलायचा नाही. बिल करतानाच विचारा, नवीन माल आला की कळवू का, हो म्हणाला तर शीटमध्ये खूण.

आणि पैसे द्यायच्या आधी खाती तुमच्या नावावर करून घ्या. गूगल खातं तुमचं, व्हॉट्सॲपचा नंबर तुमच्या सिमचा, मेटाचं बिझनेस खातं तुमच्या मालकीचं, वेबसाइटचं नाव तुमच्या ईमेलवर नोंदलेलं, आणि त्याला त्यात फक्त काम करण्यापुरता प्रवेश. बरेच जण सोय म्हणून सगळं स्वतःच्याच खात्यात उभं करतात, मग वर्षभराने फोन उचलत नाहीत आणि दुकानाचा नंबर, गिऱ्हाइकांची यादी, सगळं तिकडे अडकून बसतं. यावर तो कां कूं करायला लागला तर त्याला एक चहा पाजा आणि वाटेला लावा.